स्पुटनिक ते सीपर्च : वर्गात आलेली वर्दी

अमेरिकी नौदलातल्या ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा ११.८ इंचांचा. समोर विद्यार्थी असोत की वरिष्ठ सेनाधिकारी, एक तुकडा उंच धरून त्या सांगत, हा एक नॅनोसेकंद. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशसुद्धा एवढंच अंतर कापू शकतो. मग तारेचं जाडजूड भेंडोळं बाहेर निघे. ती ९८४ फूट तार म्हणजे एक मायक्रोसेकंद. प्रत्येक प्रोग्रामरच्या गळ्यात हे भेंडोळं अडकवायला हवं, म्हणजे आपण किती वेळ वाया घालवतो ते त्याला कळेल, असं त्या म्हणत. उपग्रहामार्फत संदेश यायला वेळ का लागतो, वेगवान संगणक आकाराने लहान का असावा लागतो, हे त्या तुकड्यावरून कुणालाही समजे. व्याख्यान संपल्यावर श्रोते आपापला नॅनोसेकंद घरी घेऊन जात.

हॉपरबाई मुळात शिक्षिका. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवून त्या व्हॅसर कॉलेजात शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि हार्वर्डच्या मार्क-वन या अवाढव्य गणनयंत्रावर काम करू लागल्या. माणसाला वाचता येईल अशा भाषेत संगणकाला आज्ञा देता याव्यात, हा त्यांचा ध्यास होता आणि ‘कोबॉल’ ही भाषा त्याच ध्यासावर उभी राहिली. १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. एवढं सगळं करूनही, तरुणांना शिकवलं हेच आपलं मोठं काम, असं त्या मानत.

लष्करी माणसांनी शाळांमध्ये जाऊन विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी लावावी, या अमेरिकेतल्या प्रयत्नांना आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचा मागोवा घेताना हॉपरबाईंचा तो तुकडा मला मापदंडासारखा वाटतो. वर्दीचा दबदबा वर्गाबाहेर ठेवून मुलांच्या हातात काहीतरी ठोस दिलं गेलं, तिथे हे प्रयत्न रुजले. वर्दीच पुढे केली गेली तिथे संशय वाढला.

भीतीतून आलेला पैसा

सुरुवात भीतीतून झाली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ८३.६ किलोचा स्पुटनिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत ठेवला. महिन्याभरात लायका कुत्रीला घेऊन दुसरा उपग्रह वर गेला. ६ डिसेंबरला अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत तळावरच कोसळून पेटलं. आपली मुलं गणित-विज्ञानात मागे पडली आहेत, हा आरोप मग घरोघरी होऊ लागला. २ सप्टेंबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट’वर सही केली. शिक्षणाच्या कायद्याच्या नावातच ‘डिफेन्स’ आलं, कारण त्यावाचून केंद्राचा पैसा शाळांपर्यंत नेणं राजकीयदृष्ट्या अवघड होतं. शाळा हा राज्यांचा आणि स्थानिक मंडळांचा विषय. संरक्षणाचं नाव पुढे आलं की विरोध मवाळ व्हायचा.

या कायद्याने चार वर्षांसाठी सुमारे १ अब्ज डॉलर मोकळे केले. शाळांच्या प्रयोगशाळांना उपकरणं मिळाली, विद्यार्थ्यांना कमी व्याजाने कर्जं मिळाली आणि पुढे शिक्षक होणाऱ्याचं निम्म्यापर्यंत कर्ज माफ करण्याची सोय झाली. परकीय भाषांच्या अभ्यासालाही पैसा आला. अमेरिकी विद्यापीठांत दक्षिण आशियाई भाषांचा अभ्यास जोमाने वाढला तो याच काळात, आणि पेनसिल्व्हेनिया व शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठीला जागा मिळाली. क्षेपणास्त्रांच्या धास्तीने निघालेला पैसा असा कुठल्या कुठे पोचला.

पण त्याच कायद्यात एक अट होती. सरकारविरोधी संघटनांवर आपला विश्वास नाही, असं प्रतिज्ञापत्र कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याने द्यायचं. हार्वर्ड, येल यांसारख्या विद्यापीठांनी या अटीविरुद्ध कर्जयोजनेतून अंग काढून घेतलं. १९६२ मध्ये ती अट रद्द झाली. संरक्षणाचा पैसा शाळेत येताना काय मागतो, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला होता आणि तो पुढेही सुटला नाही.

त्याच १९५८ मध्ये भूदलाच्या पुढाकाराने ‘ज्युनिअर सायन्स अँड ह्युमॅनिटीज सिम्पोझियम’ सुरू झालं. शाळकरी मुलांनी स्वतः संशोधन करायचं आणि ते जाणकारांसमोर मांडायचं. मुलांचे प्रश्न गंभीरपणे ऐकले जावेत, ही त्यामागची साधी कल्पना होती आणि ती टिकली.

या काळातला ठळक आवाज ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांचा. जगातली पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ १९५४ मध्ये नौदलात आली ती त्यांच्या हट्टामुळे. अणुभट्टी चालवायला लागणारी माणसं निवडताना प्रत्येक अधिकाऱ्याची ते स्वतः मुलाखत घेत. तिथे त्यांना शिक्षणातले कच्चे दुवे दिसत गेले आणि अमेरिकी शाळांवर ते कडाडून टीका करू लागले. निवृत्तीनंतर ८३ वर्षांच्या या माणसाने १९८३ मध्ये ‘सेंटर फॉर एक्सलन्स इन एज्युकेशन’ ही संस्था उभारली. तिच्या उन्हाळी संशोधन शिबिरात निवडक शाळकरी मुलं खऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करतात, तेही विनाशुल्क. रिकोव्हर यांची दृष्टी हुशारांना वेचून घडवण्याची होती. सर्वसामान्य शाळेतल्या, विज्ञानाला बिचकणाऱ्या मुलाकडे कोण जाणार, हा प्रश्न तिथे उरतोच.

दुरावा आणि पुनर्भेट

व्हिएतनाम युद्धाने हे नातं विस्कटून टाकलं. साठच्या दशकाच्या अखेरीस अनेक नामवंत विद्यापीठांतून लष्करी प्रशिक्षणाची केंद्रं हद्दपार झाली. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि स्वेच्छेने येणाऱ्यांची फौज उभी करायची ठरली. त्यामुळे लष्कराला शाळांची गरज नव्याने भासू लागली, पण आता भरतीसाठी. वर्दीतला माणूस शाळेच्या दाराशी दिसला की तो मुलं न्यायला आला आहे, असं पालकांना वाटू लागलं. पुढच्या प्रत्येक विज्ञान उपक्रमाला या समजाशी झगडावं लागलं.

१९८३ मध्ये ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा सरकारी अहवाल आला. आपली शिक्षणव्यवस्था एखाद्या शत्रूने आपल्यावर लादली असती तर आपण ते युद्धच मानलं असतं, अशा आशयाची त्याची भाषा होती. पुन्हा तीच भीती आणि पुन्हा संरक्षणाचीच परिभाषा.

तीन वर्षांनी मात्र वेगळं काही घडू पाहत होतं. न्यू हॅम्पशायरमधल्या क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका चॅलेंजर यानातून अवकाशात जाऊन तिथून शाळांसाठी थेट पाठ घेणार होत्या. यानाचे कमांडर डिक स्कोबी हवाई दलाचे, वैमानिक मायकेल स्मिथ नौदलाचे. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही जण गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी दुःखातून ‘चॅलेंजर सेंटर’ उभारलं. तिथे मुलं नियंत्रणकक्षात आणि यानाच्या प्रतिकृतीत बसून मोहीम पार पाडतात, आकडे वाचतात, निर्णय घेतात. मॅकऑलिफ यांच्याबरोबर राखीव म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या बार्बरा मॉर्गन या शिक्षिका २००७ मध्ये अवकाशात गेल्या. वर्गशिक्षिका आणि लढाऊ विमानाचा वैमानिक एकाच मोहिमेवर असू शकतात, हे त्या पिढीच्या मुलांनी पाहिलं होतं.

सेल्फ्रिजचा तळ

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १९९१ चं पाऊल. डेट्रॉइटजवळ, मिशिगन राज्यात, सेल्फ्रिज हा एअर नॅशनल गार्डचा तळ आहे. तिथे ‘स्टारबेस’ सुरू झालं. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. कारखाने बंद पडत होते, गोरी वस्ती उपनगरांकडे गेली होती आणि शहरातल्या शाळांची परवड चालू होती. पलीकडेच, तळावर, विमानं, कार्यशाळा आणि कुशल माणसं होती. सुरुवातीचा पैसा केलॉग फाउंडेशनने दिला. १९९३ पासून संरक्षण खात्याचा निधी मिळू लागला आणि मग राज्याराज्यांत केंद्रं निघाली. आजवर दहा लाखांहून अधिक मुलांनी हा वर्ग केला आहे.

निवड पाचवीच्या मुलांची. या वयात कुतूहल जागं असतं, पण ‘गणित आपल्याला जमत नाही’ हे वाक्यही याच सुमारास पक्कं व्हायला लागतं, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. गरीब वस्त्यांतल्या, आणि विज्ञान-तंत्रज्ञानात ज्यांची माणसं कमी दिसतात अशा समाजांतल्या मुलांना प्राधान्य. एका वर्गाला २५ तास मिळतात, साधारणपणे पाच दिवसांत विभागलेले. शिकवणारे पगारी, प्रशिक्षित शिक्षक असतात. तळावरचे वैमानिक, विमान दुरुस्त करणारे मेकॅनिक, अग्निशामक, वैद्यकीय सहायक स्वेच्छेने येऊन आपलं काम दाखवतात. वर्गशिक्षिकाही मुलांबरोबरच बसते. शाळेकडून शुल्क घेतलं जात नाही.

शिकण्याची रीत पाहण्यासारखी आहे. न्यूटनचे नियम शिकवताना ‘एगबर्ट’ नावाच्या अंड्याला प्रवासी करतात. टक्कर झाली तरी तो फुटू नये, असा पट्टा आणि आसन मुलांनी ठरावीक साहित्यातून तयार करायचं. अंडं फुटलं तर का फुटलं याची चर्चा होते आणि रचना बदलून पुन्हा प्रयत्न होतो. संगणकावर त्रिमितीय आराखडा काढायचा, मोजमापं स्वतः घ्यायची. मग तळावर नेल्यावर विमानाच्या पंखाजवळ उभं राहून हवेचा दाब समजून घ्यायचा. या वर्गात फळ्यावरचा अपूर्णांक पान्याच्या मापात भेटतो. अर्ध्या इंचाचा पाना आणि नऊ-सोळांशाचा पाना यांत कोणता मोठा, हे मेकॅनिकने विचारलं की अपूर्णांकांची तुलना का शिकायची, असं कुणी विचारत नाही.

वर्गाच्या आधी आणि नंतर मुलांची चाचणी घेतली जाते आणि दरवर्षी अहवाल अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला जातो. तरीही आयोजकांना एक उणीव जाणवत होती. पाच दिवसांचा उत्साह सहावीत गेल्यावर टिकवायचा कसा? त्यावर पुढे ‘स्टारबेस २.०’ निघालं. यात मुलांनी तळावर यायचं नाही, स्वयंसेवकांनी शाळेत जायचं. सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर शाळा सुटल्यावर नियमित बसायचं आणि रोबो किंवा रॉकेट यांसारखं एखादं काम पूर्ण होईपर्यंत साथ द्यायची. एकदा येऊन टाळ्या घेण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. पाहुणा म्हणून आलेला सैनिक मुलांना आवडतो. दर आठवड्याला येणाऱ्या सैनिकावर मुलं विसंबू लागतात.

पाइप, मेण आणि मोटर

नव्या शतकात प्रत्येक दलाने आपली वाट काढली. भूदलाने २००२ मध्ये ‘ई-सायबरमिशन’ ही सहावी ते नववीसाठीची स्पर्धा सुरू केली. मुलांच्या छोट्या गटाने आपल्याच परिसरातली अडचण निवडायची आणि वैज्ञानिक पद्धतीने तिच्यावर उपाय शोधायचा. भूदलाचे शास्त्रज्ञ आणि अभियंते त्यांना इंटरनेटवरून मार्गदर्शन करत. हवाई दलाशी जोडलेल्या ‘एअर फोर्स असोसिएशन’ने २००९ मध्ये ‘सायबरपेट्रियट’ आणलं. त्यात मुलं संगणकप्रणालीतल्या त्रुटी शोधून बुजवतात.

मला सर्वांत भावतो तो नौदलाच्या पैशावर वाढलेला ‘सीपर्च’. हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांनी १९९७ मध्ये घरच्या घरी पाण्याखालचा रोबो कसा बनवायचा यावर पुस्तक लिहिलं. एमआयटीच्या ‘सी ग्रँट’ विभागाने २००३ मध्ये नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या मदतीने त्यावरून शाळांसाठी कार्यक्रम आखला. साहित्य प्लंबरच्या दुकानात मिळणारं. पीव्हीसी पाइप कापून सांगाडा करायचा. तीन छोट्या मोटरी बसवायच्या. मोटरमध्ये पाणी शिरू नये म्हणून ती कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत ठेवून भोवती मेण भरायचं, कमोड बसवताना लावतात ते मेण. नियंत्रकाचं सोल्डरिंग मुलांनीच करायचं. मग पोहण्याच्या तलावात सोडून बघायचं की तो बुडतो, तरंगतो, की सांगितलं तिथे जातो.

इथे आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ करून भागत नाही. रोबो पाण्यात तिरका झाला तर फ्लोट सरकवावा लागतो. सोल्डरिंगचा एक सांधा कच्चा राहिला तर अख्खी मोटर गप्प बसते. पाणबुडीवर काम केलेला नौसैनिक शेजारी असेल तर तो उत्तर सांगत नाही, पुढे कुठे बघायचं ते सुचवतो. यंत्र बंद पडल्यावर घाबरायचं नसतं, एकेक शक्यता काढून टाकायची असते, ही शिस्त त्याने वर्षानुवर्षं अंगी बाणवलेली असते. पुस्तकी शिक्षकापेक्षा त्याच्याकडे जास्त काही असेल तर ते हे.

या सर्व हालचालींमागे लष्कराचा स्वार्थ होता आणि तो लपवलेलाही नव्हता. संरक्षण प्रयोगशाळांतली शीतयुद्धाच्या काळातली पिढी निवृत्तीला आली होती. गोपनीय कामासाठी अमेरिकी नागरिकच हवेत आणि अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणात तर परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण मोठं. म्हणून २००६ च्या सुमारास ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन प्रोग्रॅम’ पुढे आला. शिष्यवृत्त्यांबरोबरच संरक्षण प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांना शाळांच्या वर्गांत नेणं हा त्याचा एक भाग होता. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी वैज्ञानिकांना शाळांत जाण्याचं जाहीर आवाहन केलं आणि या प्रयत्नांना आणखी धार आली.

खडे सवाल

आता आक्षेपांकडे वळायला हवं, कारण ते वरवरचे नाहीत. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याने माध्यमिक शाळांवर एक बंधन घातलं. विद्यार्थ्यांची नावं, पत्ते आणि दूरध्वनी लष्कराच्या भरती विभागाला मागितल्यास द्यायचे. विद्यार्थ्याने किंवा पालकांनी नकार कळवला तरच सूट. इराक युद्ध पेटलं तेव्हा अनेक गावांत पालक याविरुद्ध उभे राहिले. ज्या शाळेत भरती अधिकारी चकरा मारतो, तिथेच वर्दीतला दुसरा माणूस रोबो घेऊन आला तर पालकांनी फरक कसा करायचा? हा प्रश्न रास्त आहे. गरीब शाळेतल्या मुलासमोर पर्याय मुळातच कमी असतात, म्हणून तिथे हा प्रश्न दुप्पट टोकदार होतो. माझं मत स्पष्ट आहे. विज्ञान शिकवायला येणाऱ्याने भरतीचं पत्रक खिशातसुद्धा आणू नये. पाचवीतली मुलगी पुढे परिचारिका होवो, शेतकरी होवो की वैमानिक, ते तास तिच्यासाठी असायला हवेत.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने स्टेम शिक्षणाचा, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांवरच्या सरकारी खर्चाचा, आढावा घेतला. तेव्हा १३ केंद्रीय खात्यांचे मिळून २०९ कार्यक्रम आणि ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च निघाला. बरेच कार्यक्रम एकमेकांचीच पुनरावृत्ती करत होते आणि मुलांना नेमका काय फायदा झाला, याचं नीट मोजमाप बहुतेकांकडे नव्हतं. पुढच्याच वर्षी सरकारने हे कार्यक्रम एकत्र करण्याचा प्रस्ताव आणला. त्यात संरक्षण खात्यातलं स्टारबेस बंद करण्याची शिफारस होती. राज्याराज्यांतले शिक्षक, पालक आणि लोकप्रतिनिधी स्टारबेसच्या बाजूने उभे राहिले आणि काँग्रेसने त्याचा निधी कायम ठेवला. वरून आखलेले कितीतरी उपक्रम या काळात गुपचूप विरले. गावाने आपला मानलेला उपक्रम वाचला.

आपल्याकडचे हात

हा इतिहास परदेशातला असला तरी त्यातून आपल्याला घेण्यासारखं आहे. जुलै २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून आपल्या शाळकरी मुलांशी बोलले. तिथे झोपता कसं, खाता काय, असे प्रश्न मुलांनी विचारले आणि देशभर कुतूहल पसरलं. राष्ट्रीय छात्रसेनेत १९४८ पासून मुलं घडत आली आहेत आणि तिच्या हवाई व नौदल शाखांत विमानांची आणि जहाजांची प्रतिकृती बनवण्याची परंपरा आहे. देशभरातल्या सुमारे १०,००० शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या आहेत. उपकरणं आली, पण ती रोज हाताळून दाखवणारं माणूस अनेक ठिकाणी नाही.

ते माणूस महाराष्ट्रात शोधायला दूर जावं लागत नाही. दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोणावळ्याचं ‘आयएनएस शिवाजी’, देवळालीचं ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ इथल्या तंत्रज्ञांची वस्ती आपल्या शाळांच्या शेजारीच आहे. त्याहून मोठा साठा गावांत आहे. साताऱ्यातलं आपशिंगे मिलिटरी आणि कोल्हापुरातलं सैनिक टाकळी यांसारख्या गावांत घरटी फौजी. सैनिक तरुणपणीच निवृत्त होतो. सिग्नल्समध्ये वायरलेस संच जुळवलेला, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात रणगाड्याचं इंजिन खोललेला हवालदार चाळिशीच्या आसपास गावी परततो आणि बहुधा सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. पंधरा ऑगस्टला आपण त्याला झेंडावंदनाला बोलावतो, हार घालतो, चार शब्द बोलायला लावतो आणि पाठवून देतो. त्याच्या हातातली विद्या मात्र कुणी मागत नाही.

ती मागायला हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेने आपल्या गावच्या माजी सैनिकाला आठवड्यातून एक दुपार द्यावी. त्याला माफक मानधन मिळावं, विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून त्याने पाठ आखावा आणि मुलांनी पंप, मोटर, रेडिओ खोलून पुन्हा जोडावेत. अट एवढीच, की शौर्याच्या कथा इतिहासाच्या तासाला सांगाव्यात आणि या तासाला फक्त स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि मुलांचे प्रश्न असावेत. अमेरिकेला हे उमगायला भीती, पैसा आणि वाद यांतून जावं लागलं. आपल्याकडे माणसं तयार आहेत आणि शाळाही आहेत. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतीने त्यांची गाठ घालून द्यावी.